माईंना कोण उचलणार

मुलुंड पश्चिम, ९ जून २०२५

जानकी आते,

लांबूनच पाया पडतो. तुला फोन करण्यात अर्थ नाही, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. मी ओरडून सांगितलं, ‘जिममध्ये लागलो’, आणि तू वाडीभर सांगितलंस की नितेश जेलमध्ये गेला. बाबांना कांजूरला सांत्वनाचे फोन आले. एकाने तर वकिलाचं नाव सुचवलं. म्हणून आता पत्र. तुझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत, एवढ्यावर आपलं नातं टिकणार.

जिम म्हणजे व्यायामशाळा. पण आपल्या शाळेमागच्या आखाड्यासारखी नाही, एसीवाली. पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे चढायला लिफ्टला रांग लागते. बाजूच्या गल्लीतून रिक्षाने यायचं आणि मशीनवर चालायचं, ही इथली भक्ती. माझं काम म्हणजे बाजूला उभं राहून ‘अजून एक, अजून एक’ म्हणायचं. यासाठी मालाडला शनिवार-रविवारचा कोर्स केला. तिथल्या हाडांच्या सापळ्याला एक हातच नव्हता, त्यामुळे डाव्या हाताबद्दल मी अजून साशंक आहे. पण बारावीत दोनदा आपटलेल्या मला इथे डॉक्टर, सीए, सगळे ‘सर’ म्हणतात.

मालक सौरभ. मुलुंडचाच, माझ्याच वयाचा, बापाच्या जागेत जिम काढलेला. तो म्हणतो, आपण वजन कमी करत नाही, लाइफ चेंज करतो. दारात त्याने फोटो लावलेत, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत माणूस पोलिसांनी पकडल्यासारखा दिसतो. नंतरच्यात तोच माणूस पोट आत घेऊन हसत असतो. श्वास सोडला की परत आधीचा.

गोव्यात मी शॅकवर (किनाऱ्यावरची खानावळ) होतो तेव्हा एक रशियन माणूस रोज समुद्रावर उलटा उभा राहायचा, त्याची गोष्ट सांगणार होतो, पण राहू दे.

आज मला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. कुंदा मॅडम. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, गप्प बाई. सोबत नवरा, अनंतराव, विमा कंपनीतून रिटायर. सगळं तोच बोलला. मुलाचं, शौनकचं, डिसेंबरात लग्न आहे, मुलीकडची माणसं एकदम फिट आहेत, तर हिला फोटोत मावेल एवढी करा. बाई समोर उभी आणि हा माणूस कपाटाबद्दल बोलावं तसा बोलत होता. मी म्हटलं, होईल सर. पोटापाण्याचा प्रश्न आहे.

तुझा (बाहेर असलेला) नितेश

*

कणकवली, २० जून २०२५

चि. नितेश,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तू तोंडात सुपारी धरून बोलतोस, त्याला माझे कान काय करतील? जेल म्हटलं म्हणून लोकांना निदान काळजी वाटली. जिम ऐकून सगळे हसले.

मेल्या, आजवर किती धंदे केलेस? गोव्यात पावसापर्यंत टिकलास. भिवंडीच्या गोदामात चिडलास नि पळालास. घाटकोपरला दुसऱ्यांचे कुत्रे फिरवलेस, तो एकच धंदा तुला शोभत होता, कारण फिरायचंच होतं. आता लोकांची चरबी. बघू.

इथे बाईमाणसाचं वजन उतरलं तर लोक विचारतात, घरात काय झालं? तिथे बारीक होण्यासाठी पैसे भरतात. भरू देत. पण तू लिहिलंस की सगळं नवरा बोलला. तुका त्या बायेचा तोंड दिसला नाय? तिका काय व्हया ता तिका विचार. परक्या बाईला शिकवताना हात धुवून जा आणि नीट अंतरावर उभा राहा.

गणपतीला येणार की नाही, ते आतापासून सांग. तुझा बाप गुणाजी दरवर्षी ‘बघतो’ म्हणतो आणि येतो. तू ‘येतो’ म्हणतोस आणि बघत बसतोस.

तुझी आते, जानकी

*

मुलुंड पश्चिम, १४ जुलै २०२५

आते,

तू सांगितलंस म्हणून विचारलं, आणि आता पस्तावतोय.

सौरभ दुसरीकडे होता तेव्हा मी हळूच म्हटलं, मॅडम, तुम्हाला स्वतःला काय पाहिजे? नेहमीचं उत्तर येईल असं वाटलं होतं, पोट, कंबर वगैरे. बाई म्हणाल्या, ‘सर, मला बारीक नाही व्हायचं. मला आईला उचलता आलं पाहिजे.’

भानगड अशी. यांची आई, माई म्हणतात तिला, पार्ल्याला यांच्या भावाकडे असते. देवव्रत नाव भावाचं. माई बाथरूममध्ये पडली तेव्हापासून अंथरुणावर. बिल्डिंग जुनी आहे, आता पाडून नवी बांधणार. दिवाळीनंतर सगळ्यांनी जागा रिकामी करायची. देवव्रत म्हणतो, भाड्याच्या घरात आईला कुठे नाचवू? तिला बदलापूरच्या केंद्रात ठेवतो. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, केंद्र म्हणायचं. निवडणूक आयोगासारखं वाटतं.

कुंदाताईंनी (त्यांनीच सांगितलं, मॅडम म्हणू नका) नवऱ्याला विचारलं, आईला आपल्याकडे आणू का? अनंतराव नाही म्हणाला नाही. असली माणसं नाही म्हणतच नाहीत. चहा पिता पिता म्हणाला, ‘आण की. पण तिला उचलणार कोण? तू जिना चढलीस तर धापा टाकतेस. ज्या दिवशी तू तिला उचलशील त्या दिवशी घेऊन ये.’ आणि स्वतःच्या विनोदावर हसला. बाईंनी तो विनोद शब्दशः घेतला. जिमचे पैसे हा बारीक करायला भरतोय आणि ही त्यातून त्याच्याच सासूला घरात आणायची तयारी करतेय. मला इतकं हसू आलं की मशीन धरून उभा राहिलो.

पण होणार नाही गं हे. बाईंना नुसती दांडी उचलवत नाही. मी वाळूची पिशवी बनवली, ती जमिनीवरून मांडीपर्यंत आली की बाई लाल. मी आकडे मोजून कंटाळलो. मग सहज गंमत म्हणून गाऱ्हाणं घातलं, आपल्या रवळनाथाला घालतात तसं. ‘बा देवा म्हाराजा, ह्या बायेच्या कमरेत जी काय ताकद दडान बसली असा ती भायर काढ रे म्हाराजा!’ बाईंनी विचारलं, आता मी काय म्हणायचं? मी म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’ तर त्या पार्ल्याच्या बाईने डोळे मिटून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि पिशवी उचलली, आते. दमाचं गणित आहे ते, जोर लावताना श्वास सोडायचा. सौरभ हे तासभर इंग्रजीत समजावतो आणि कुणाला कळत नाही.

आता शेजारच्या दोन गुजराती मावश्याही म्हणतात. जिममध्ये जत्रा भरलीय.

नितेश

*

कणकवली, २६ जुलै २०२५

चि. नितेश,

देवाची थट्टा करू नकोस. गाऱ्हाणं म्हणजे वजन उचलायची घोषणा नव्हे. ज्याचं काम असतं त्याला आधी पुजारी विचारतो, तुझं नाव काय, गाव काय, मागणं काय. मग देवाच्या कानावर घालतो. नि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे बाकीचे, साक्षीला उभे असलेले. हे तुला ठाऊक नाही, कारण देवळात तू फक्त जेवायला यायचास.

दुसरं. नवऱ्याने एका कामाचे पैसे दिले आणि तू दुसरंच करतोस. हे बरं नाही. पण नवऱ्याचं बोलणं वाचून मलाही राग आला, म्हणून जास्त बोलत नाही.

तिसरं. लेकीच्या घरी आई राहायला गेली तर आमच्याकडे लोक चार दिवस बोलतात. पार्ल्यात बोलत नाहीत काय? त्या म्हाताऱ्या बाईला जायचं आहे का, याबद्दल तुझ्या पत्रात एक शब्द नाही. तुका त्या कुंदाताईचो भलतोच पुळको इल्लो दिसता. ती तुझ्यापेक्षा दुप्पट वयाची आहे, म्हणून काळजी करत नाही.

गणपतीचं अजून सांगितलं नाहीस.

जानकी आते

*

मुलुंड पश्चिम, ३० ऑगस्ट २०२५

आते,

शिव्या देणार, ते माहीत आहे. गणपतीला येणार होतो, बॅगही भरली होती. पण आदल्या दिवशी अनंतराव जिममध्ये आला आणि बायकोला वजनकाट्यावर उभं केलं, भंगारवाला पत्रा ठेवतो तसं. वजन वाढलेलं. कमी नाही, वाढलेलं. वाढणारच. बाई आता अंडी खाते, दूध पिते, माझी वाळूची पिशवी छातीशी धरून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. मांड्या बघ, भीमाच्या बहिणीसारख्या. पण हे काट्याला कोण सांगणार? काटा आणि नवरा, दोघांना एकच गोष्ट मोजता येते.

अनंतराव सौरभला बोलला. सौरभ मला बोलला. म्हणाला, दसऱ्यापर्यंत रिझल्ट दिसला पाहिजे, नाहीतर तू दुसरं बघ. मग हळूच उपाय सांगितला, बाईला उकडलेले मूग आणि काकडीवर ठेव, फोटोच्या आदल्या दिवशी पाणी तोड. लाइफ चेंज म्हणतात ते हेच.

मी कुंदाताईंना म्हटलं, थोडं कमी खाल का, माझी नोकरी राहील. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘सर, उपाशी पोटी आई उचलली जाते का?’ तुला सांगतो, या बाईला घाबरायला लागलोय मी.

आता ठरलंय. पिशवी माईंच्या वजनाएवढी झालीय आणि ती आरामात उचलतात. दसऱ्याला पार्ल्याला जायचं, भाऊ आणि नवरा दोघांच्या समोर माईंना उचलायचं आणि सरळ गाडीत बसवून मुलुंडला आणायचं. नवऱ्याने शब्द दिलाय, गमतीत का होईना. सीमोल्लंघन, आते!

माई काय म्हणते, विचारलंस तू. तिने काय म्हणायचं त्यात? लेक न्यायला येतेय, केंद्रापेक्षा बरं. यात विचारण्यासारखं काय आहे?

पार्ल्याला पूर्वी बिस्किटांचा वास यायचा म्हणे. कांजूरला आम्हाला कचऱ्याच्या डोंगराचा वास येतो, तू आलीस तेव्हा नाकाला पदर लावला होतास. विषय निघाला म्हणून सांगितलं.

नितेश

*

कणकवली, ८ सप्टेंबर २०२५

नितेश,

‘चिरंजीव’ लिहीत नाही, यावरून समज.

गुणाजी एकटा आला. आरतीला सगळे विचारत होते, नितेश खंय? मी म्हटलं, मुंबईत बायकांना वजन उचलायला शिकवतो. राजेश एवढा हसला की हातातली झांज पडली. तुझ्या चुलत्याचा मुलगा असून तो गणपती आणतो, मांडतो, पोचवतो. त्याची बायको श्वेता मोदक करते. तू पत्र करतोस.

तुझी कुंदाताई बरोबर बोलली, उपाशी पोटी काही उचलत नाही. एवढं मान्य. बाकीचं पत्र मला आवडलं नाही. ‘यात विचारण्यासारखं काय आहे’ असं लिहिणारा माणूस आपल्या घरात कसा झाला, कळत नाही. का ते आज लिहीत नाही.

अक्षर वाकडं येतंय, कारण उताणी लिहितेय. सध्या बसून लिहीत नाही. त्याचं काही विशेष नाही, विचारू नकोस. विचारायची तुला सवय नाहीच.

जानकी

*

मुलुंड पश्चिम, ४ ऑक्टोबर २०२५

आते,

वाट लागली. थोडक्यात लिहितो.

दसऱ्याला गेलो. कुंदाताई, अनंतराव आणि मी. कुंदाताई कासोटा घालून नऊवारी नेसल्या होत्या, पाय मोकळे राहावेत म्हणून. देवव्रतने श्रीखंड दिलं आणि घड्याळ बघितलं. माई खोलीत, भिंतीकडे तोंड करून. एवढीशी. वाळूच्या पिशवीपेक्षा हलकी असेल. मी मनात म्हटलं, ही तर सहज.

मी गाऱ्हाणं घातलं, कुंदाताई ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल्या, वाकल्या, उचललं. एक क्षण सगळं झकास. मग माई किंचाळली. अशी किंचाळली की खालचे लोक वर आले. लेकीचे केस धरले, अंग काठीसारखं ताठ केलं, नखं मारली. पिशवी असं करत नाही गं! कोर्समध्ये कुणी सांगितलंच नव्हतं की वजनाला हात असतात. कुंदाताईंच्या कमरेत लचक भरली. माई अर्धी पलंगावर, अर्धी खाली. चादर ओली झाली. कुंदाताई जमिनीवर बसून राहिल्या.

अनंतराव म्हणाला, ‘झालं समाधान?’

देवव्रतने तिथेच केंद्राला फोन लावला. दिवाळी झाली की गाडी येणार. सौरभने काल मला काढलं, तेही फोनवर. माणसांचं लाइफ-बिइफ काही चेंज होत नाही, आते. फक्त फोटो बदलतात.

सुरतला एक मित्र साड्यांच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे जातोय. पत्ता कळवतो.

नितेश

*

कणकवली, १० ऑक्टोबर २०२५

चि. नितेश,

सुरतेला जाऊ नकोस. हे पत्र नीट वाच, मधेच दुसरीकडे बघू नकोस.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी मागल्या अंगणात घसरले. खुब्याचं हाड. गेल्या पत्रात मी उताणी आहे लिहिलं होतं, तुला उमजलं नाही. तुझ्या बापाला मी शपथ घातली होती, म्हणून त्याने सांगितलं नाही.

त्या दिवशी गुणाजी आणि राजेश धावत आले. एकाने खांदे धरले, एकाने पाय, आणि भाताचं पोतं उचलावं तशी मला उचलली. दोघेही माझ्यावर जीव टाकणारे. पण मी बोंब मारलंय, नितेश. दुखलं म्हणून नाही. मला ऐकू येत नाही, आणि दोघांपैकी एकानेही माझ्याकडे बघून तोंडाने सांगितलं नाही की खंय नेतंव. डोकं खाली, पाय वर, लुगडं गुडघ्यापर्यंत. मला वाटलं, संपलं, आता चितेवरच ठेवतायत. मी राजेशच्या दंडाला चावलंय. अजून खूण आहे, तो सगळ्यांना दाखवतो.

ऑपरेशन झालं, महिन्याने डॉक्टरांनी उठायला सांगितलं, तेव्हा श्वेता आली. लहानखुरी पोर, माझ्या खांद्याला लागते. माझ्या समोर बसली, बोटाने दाखवत विचारलं, आते, उठाचा काय? खंय जावया? माझो हात हंय ठेवू काय? मी सांगितलं, हंय नको, थंय. मग मी तिच्या गळ्यात हात घातले. मी स्वतः म्हटलं, उचल. आणि उठले. तेव्हापासून तीच उठवते.

आता तुझ्या गाऱ्हाण्याचं. तू मागणंही तुझंच घातलंस आणि ‘व्हय’ पण उचलणारीच्या तोंडात दिलंस. जिला उचलायचं तिचं ‘व्हय’ कुठे होतं? देवापुढे असलं गाऱ्हाणं चालत नाही, माणसापुढे कसं चालेल?

कुंदाताईला पार्ल्याला घेऊन जा. दोघं उभी राहू नका, माईंच्या समोर खाली बसा. आणि विचारा. ती नाही म्हणाली तर नाही.

माझ्यासाठी धावत येऊ नकोस. आधी ते काम कर.

तुझी आते, जानकी

*

विलेपार्ले पूर्व, २० नोव्हेंबर २०२५

आते,

पत्ता बघून दचकू नकोस. सांगतो.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझा राग आला. हाड मोडलं आणि मला शेवटी कळतं? मग गेलं पत्र काढून बघितलं. उताणी लिहिते, असं स्पष्ट लिहिलं होतंस. मी ते वाचून चहा प्यायला गेलो होतो. जाऊ दे, यावर समोर आल्यावर मार.

कुंदाताई कंबरेला पट्टा लावून घरी पडून होत्या. फराळ करत नाही म्हणून अनंतराव घुश्शात. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, चावल्याचं सोडून. मग तेही वाचलं. पट्टा सावरत उठून बसल्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या आईला वर्षभरात कुणी काही विचारलेलं नाही. मीसुद्धा.’

भाऊबिजेला गेलो. देवव्रत खोक्यांना चिकटपट्टी लावत होता, आम्हाला बघून म्हणाला, परत प्रयोग आहे का? कुंदाताई सरळ आत गेल्या आणि माईंच्या पलंगासमोर फरशीवर बसल्या. मी दारात.

‘आई, तुला कुठे जायचंय?’

माईंनी चष्मा लावून लेकीकडे नीट बघितलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही, तुझ्यासारखंच. मग एकदम घडाघडा बोलायला लागल्या. पहिलं म्हणजे त्यांना खिडकीपाशी बसायचं होतं. दुसरं, केस धुवून हवे होते, ते कुणी नीट धूत नाही. आणि मग म्हणाल्या, ‘मुलुंडला मी यायची नाही. जावयाच्या घरात पडून राहायचं आणि त्याने येता-जाता जोक मारायचे, एवढी मी स्वस्त नाही. आणि देवूच्या त्या केंद्रात तर अजिबात नाही.’

दारात देवव्रतची चिकटपट्टी थांबली.

‘मग कुठे?’

‘पार्ल्यात. ही जागा माझ्या नावावर आहे ना? मग नवी होईपर्यंत बिल्डर भाडं देणार ते मला देणार. तळमजल्यावर दोन खोल्या बघा. देवूने आपलं बघावं.’ मग लेकीकडे बोट केलं. ‘तू येतेस का? यायलाच पाहिजे असं नाही. विचारतेय.’

आते, जूनपासून मी या बाईला शिकवतोय. नवऱ्यापुढे उभी असते तशी खांदे पाडून, ती मला माहीत होती. ती तिथे जमिनीवर ताठ झाली. वर्षभर आईला कुणी विचारलं नाही म्हणत होती, आणि मला वाटतं हिला घरात त्याहून जास्त वर्षं कुणी विचारलं नसेल. म्हणाली, ‘येते.’

देवव्रतने पुष्कळ ऐकवलं. बिल्डरच्या कागदावरच्या सहीचं काय, लोक काय म्हणतील, शौनकच्या लग्नात कसं दिसेल. अनंतरावाला फोन केला. अनंतराव म्हणाला, जाऊ दे, आठवड्यात परत येईल. ही माणसं दुसऱ्याच्या आठवड्यावर फार भरवसा ठेवतात. दहा-बारा दिवसांत घर मिळालं, जवळच, रस्त्यापलीकडे. शौनकने विचारलं, आई, लग्नाला येशील ना? त्या म्हणाल्या, येईन, आजीला घेऊन, आणि फोटोग्राफरला सांग मोठा कॅमेरा आण.

अनंतरावाची बातमी ऐक. घरी खिचडी आणि टोस्टवर आहे. बायकोचे भरलेले पैसे परत मिळेनात म्हणून स्वतः जिमला जायला लागला. बारीक झालाय म्हणे, आणि सौरभने त्याचा फोटो दारात लावलाय. खाली लिहिलंय, शिस्तीने आयुष्य बदललं. कुणाच्या शिस्तीने, ते लिहिलेलं नाही.

मला सौरभने परत बोलावलं नाही, बोलावलं तरी जाणार नव्हतो. पण इथे माईंच्या बिल्डिंगमधली एक बाई आली, माझ्या सासऱ्यांना उठवायचं कसं, दाखवता का? मग दुसरी आली. आता पार्ल्यात चार घरी जातो, म्हणून इथेच एक खाट भाड्याने घेतलीय. आधी म्हाताऱ्या माणसाला विचारतो, मग घरातल्यांना शिकवतो. मुलगे दारात उभं राहून सूचना देतात आणि उचलते सून. परवा एका मुलाला म्हटलं, सर, तुम्हीच या ना पुढे. तर त्याला एकदम मीटिंग आठवली. जिममध्ये हेच लोक दोन्ही हातांत वजनं घेऊन आरशात बघतात.

किती दिवस टिकेन, विचारू नकोस. तुझ्याकडे पुढल्या आठवड्यात येतो, गाडीचं बघितलंय. यावेळी बॅग अजून भरलेली नाही, म्हणजे नक्की येणार.

काल माईंना हलवलं. जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दोन जिने. देवव्रतने स्ट्रेचरवाले सांगितले होते, माईंनी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. कुंदाताई पलंगापाशी बसल्या, कंबर आता सावरलीय. माईंनी सांगितलं, डावा हात खाली घे. पदर खोच माझा. चष्मा कुठाय, चष्म्याशिवाय मी जायची नाही. मग दोन्ही हात लेकीच्या गळ्यात टाकून म्हणाल्या, ‘हं, चल.’ आणि कुंदाताई उठल्या. गाऱ्हाणं नाही, काही नाही. मी मागून उशा आणि भांडं घेऊन, नवरदेवाच्या मित्रासारखा.

प्रत्येक दारापाशी माईंनी थांबवलं. कुणाला येते म्हणाल्या, कुणाला तुझी वाटी राहिलीय म्हणाल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर कुंदाताई टेकल्या, घाम पुसायला हात मोकळा नव्हता. माईंनी आपल्या पदराने त्यांचं कपाळ पुसलं, गाल पकडला, मग दंड दाबून बघितला, बाजारात भाजी बघतात तसा. आणि नाक वर करून म्हणाल्या,

‘जाड झालीस गं, कुंदे.’

‘हो, आई,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून तर.’

आणि उरलेला जिना उतरायला लागल्या.

नितेश